सातवा खंड

डंडीच्या वाचनालयातून आणलेले मांगाचे सहा खंड
मी शाल्मलीला वाचून दाखवले, उजवीकडून डावीकडे,
आणि त्यातल्या म्हाताऱ्या लोहाराला
माझ्या मामाचा आवाज दिला,
कराडचा, तंबाखूने खरवडलेला.
"काय रं पोरा," तो म्हणायचा, समोर सामुराई असला तरी.

सातवा कुणीतरी परत केलाच नाही.
म्हणून ॲनिमे लावला.

बर्फ खरंच पडतंय. ऐरण खणखणते.
पुस्तकात एक पान नुसतं कोरं होतं, लोहारीण गेल्यानंतरचं;
तिथे आम्ही दोघी चहा निवेपर्यंत थांबायचो.
इथे चार सेकंद. वर व्हायोलिन.

मग लोहार बोलतो.
खर्जातला, सुंदर आवाज.

शाल्मली रिमोट दाबते.
बर्फ हवेतच थांबतं.
"आई, हा कोण?"