डोळे झाकून अकरा पावलं

या. बूट घालूनच आत या,
हे देऊळ नव्हे.
उद्यमबागेतल्या या शेडात
सोमवारी सकाळी आठला माझा तास असतो.
चहा नंतर. हात धुतल्यावर.

मी ओमाणा मुतगेकर. बत्तीस वर्षं क्रोमच्या टाकीपाशी.
माझ्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक आहे,
या नाकपुडीतून सुतळी घातली की त्या नाकपुडीतून निघते.
लग्नघरात पोरं हट्ट धरायची, दाखव की मामा,
आणि मी दाखवायचो. वर हसायचोही.
आता शेजारी कुंदा आटत असू दे नाहीतर टाकी उकळत,
मला दोन्ही सारखंच.
म्हणून पहिलं सांगणं: नाकावर भरवसा ठेवू नका.
आणि मास्क हा गळ्यात घालायचा दागिना नाही.

हा पांढरा डबा, तो निळा कॅन.
या दोघांची सोयरीक जमवायची नाही,
एका फळीवर शेजारी म्हणूनसुद्धा नाही.
जमलीच, तर वऱ्हाडात आपण सगळेच जाणार.
सोड्याच्या बाटलीत काही ओतून ठेवायचं नाही.
घरची मोरी घासायला थोडंसं नेतो की,
असं म्हणणाऱ्याला मी गेटवर झडतो,
मग तो माझा भाचा असला तरी.

आता पाण्याचं.
दुर्गाप्पा, तू गोकाकचा, तुझ्या भाषेत सांग बघू.
तो कानकोंडा होतो, बुटाकडं बघत म्हणतो,
मोदलु नीरु, आमेले आम्ल.

अरे!
बत्तीस वर्षं मी घोकत आलो,
आधी पाणी, मग ॲसिड,
आणि जिभेवर असं कधी बसलंच नाही ते.
आमेले आम्ल. परत म्हण.
बाहेर पाटीवरच्या अक्षरांसाठी कधीमधी रस्ता अडतो,
आणि इथं ओडिशाचा त्रिनाथ,
यातली एकही भाषा न येणारा,
आमेले आम्ल, आमेले आम्ल पुटपुटत
बादलीतल्या पाण्यात धार सोडतो,
बारीक, कडेकडेनं,
बरणीत फोडणी गार करून सोडावी तशी.

बस्स. आता डोळे झाका.
टाकीपासून नळापर्यंत
माझी अकरा पावलं.

भैरूनं मोजली नव्हती.
उडालं तेव्हा तो उजेडाकडं धावला, दाराकडं.
नळ डाव्या हाताला होता.
पुढचं मी तासात सांगत नाही.
कंग्राळीत कट्ट्यावर बसलेला असतो तो,
मी दहा हातांवर असतानाच विचारतो,
ओमाणा, बूट बदललास काय रे?

एकेक जण येतो, हात पुढं धरून.
त्रिनाथची आठ, ढांगा लांब.
दुर्गाप्पाची तेरा.
पॅकिंगमधून आलेली रेणुका पायपाला थडकते,
कुणीतरी हसतं, मी हसू देत नाही.
परत टाकीपासून.
परत.
बारा.
तुमचा आकडा तुमचा, माझा पाठ करू नका.

हजेरीच्या वहीत सह्या होतात, तीन लिप्यांत,
आणि एक अंगठा.
मी नळ सोडतो.
आधी तांबूस येतं, रविवारभर पाइपात मुरलेलं.
वाहू दे की, म्हणतो,
ते निवळेस्तोवर
कुणी टाकीकडं जायचं नाही.