वीतभर

तळोज्यात, सोडतीत लागलेल्या घरात,
अकराव्या मजल्यावर
जानेवारी खिडकीच्या फटीतून शिरतो
आणि थेट चार्वीच्या तळपायांना हात लावतो.

सरकत्या काचेचा खालचा रूळ वाकलाय.
साईट ऑफिसचा माणूस म्हणाला, सोमवारी बघू.
तीन सोमवार झाले.

जुने पडदे लावून पाहिले.
कळव्याचे, मग नेरूळला नेलेले, मग कोपरखैरण्याला,
अकरा-अकरा महिन्यांच्या करारांतून आलेले,
कुठे दुमडलेले, कुठे उसवलेले;
काठाला माझ्याच टाक्यांच्या तीन रेघा,
एकीखाली एक.
इथे ते वीतभर आखूड पडले.
आपली म्हणून पहिली खिडकी
आणि ती एवढी मोठी निघाली.

पनवेलला गेलो.
विश्रामच्या खिशात सुतळी होती,
रुंदीची एक गाठ, उंचीची दुसरी.
दुकानदाराने तागे उलगडले:
"हे घ्या ताई, तीन पदरी. ऊन नाही, वारा नाही,
दहा वर्षं बघायला नको."
दहा वर्षं.
दोनशे चाळीस हप्त्यांतले आमचे दोन फिटलेत.
विश्राम नुसता कापड चिमटीत धरून उभा,
किमतीची चिठ्ठी अंगठ्याखाली.

तात्पुरतं काही आहे का, मी विचारलं.
तो हसला नाही, एवढं बरं केलं.
शिडीवर चढला,
वरच्या फळीवरून दोन सोलापुरी चादरी काढल्या,
एक मरून, एक हिरवी,
हिरवीच्या कोपऱ्यात गंजाचा डाग.
"डागाची बाजू बाहेर करा, कोण बघतंय अकराव्या मजल्यावर?"
साडेसहाशेला दोन.

आता लावायच्या कशाला?
बारा वर्षांत चार मालकांनी सांगितलं होतं,
भिंतीला भोक पाडायचं नाही.
दिनदर्शिका सेलोटेपवर, घड्याळ फ्रिजवर,
देव कपाटात.
आता भिंत आमची,
तरी ड्रिल म्हटलं की विश्राम म्हणतो,
"राहू दे, बघू नंतर."
मीही नाही म्हटलं, की पाड.
ग्रिलला नायलॉनची दोरी ताणली,
कपडे वाळत घालायचे चिमटे लावले,
आणि घर झोपायला तयार केलं.

रात्री वारा चादरींत शिरला.
त्या फुगायच्या, बसायच्या,
कुणीतरी खिडकीत बसून श्वास घेतंय तशा.
तीनच्या सुमाराला चार्वी गुडघे पोटाशी घेऊन
एवढीशी झाली होती.
मी उठले, मरून चादर ओढली,
चिमट्यांसकट तिच्यावर घातली.
अर्धी खिडकी उघडी पडली.
प्रबळगडाची काळी कड,
खाली ट्रकांच्या तळावर एकच पिवळा दिवा.
विश्राम जागाच होता.
"अगं, खिडकी झाकायला आणल्या ना?"
म्हणाला, आणि उठून
हिरवीही काढून आणली.

तिघं दोन पडद्यांखाली.
गंजाचा वास, नव्या सुताचा वास.
खिडकी रात्रभर उघडीच,
तिला काय, तिला सवय.

सकाळी ऊन सरळ आत आलं,
विचारायला कुणी नव्हतं.
विश्रामच्या गालावर चिमट्याची खूण होती,
दोन दातांची. चार्वी तिला बोट लावून हसत राहिली.

रविवारी, दहाच्या आत परवानगी नाही म्हणून
बरोबर दहा वाजून पाच मिनिटांनी
तो शेजारच्या कडूंची ड्रिल घेऊन स्टुलावर चढला.
पेन्सिलची फुली मारली. पुसली. पुन्हा मारली.
वळून म्हणाला, "पाडू?"
कुणाला विचारत होता, देव जाणे.

मी खाली ओंजळ धरली, कागद शोधायचा राहून गेला.
"पाड," म्हटलं.

पडदे अजून त्याच चादरी आहेत, वर दांडी आलीय.
पण ती भुकटी,
पांढरी, मग विटकरी,
भिंतीच्या आतून थेट हातात पडलेली,
ती गरम होती.