दोन हो

शाळेत हजेरी घेताना गुरुजी माझ्या नावापाशी थांबायचे,
चष्मा पुसायचे, म्हणायचे, "दोन हो."
मी म्हणायचे, "एकच आहे, गुरुजी."
वर्ग हसायचा.
डोनाहू हे आडनाव भुसावळच्या जिभेला
कधी नीट बसलंच नाही.

निवृत्त झाल्यावर, वेळ होता म्हणून,
डबीत थुंकले आणि डबी पोस्टाने पाठवली.
उत्तर आलं : अकरा टक्के आयर्लंड.
शेजारच्या निंबाबाई म्हणाल्या,
"एवढं पाणी तर आमचा गवळीही घालतो दुधात."

त्या अकरा टक्क्यांच्या मागे दोन वर्षं गेली.
आडनावाची सहा स्पेलिंगं निघाली.
तिकडची जनगणनेची बाडं लढाईत जळाली,
इकडची वाळवीने खाल्ली,
हिशेब तसा बरोबरीचा.
तरी डेक्लन नावाच्या एका भल्या माणसाने
केरी परगण्यातून
(निंबाबाईंना ते कैरी ऐकू आलं)
बाप्तिस्म्याच्या पानाचा फोटो पाठवला :
कॉर्नेलियस. बाप डेनिस. आई होनोरा.
बटाटे कुजले त्या सालानंतरचं नववं वर्ष.
गाव, वाडी, दोन साक्षीदार,
आणि होनोराचं माहेरचं आडनावसुद्धा,
किरट्या अक्षरात, पण लिहिलेलं.

मग इथल्या चर्चच्या कपाटातलं दफनाचं रजिस्टर.
फादरांनी किल्ली शोधली, मी धूळ खाल्ली.
कॉर्नेलियस डोनाहू, बॉयलरमेकर, वय पस्तीस,
मे महिना,
कारण : ऊन.
सकाळी गेला, दुपारी चारला पुरला.
खालच्या ओळीत : पत्नी मेरी, नेटिव्ह.
त्या पानावर चार मेरी होत्या.
चारी नेटिव्ह.

पप्पा फायरमन होते. रात्रपाळीला
कोळशाचं फावडं धुऊन भट्टीच्या तोंडाशी धरायचे,
त्यावर कळण्याची भाकरी भाजायचे.
थापायचे डाव्या हाताने, जेवायचे उजव्या.
एकदा विचारलं होतं,
कोणी शिकवली?
"ग्रॅनीने."
ग्रॅनीचं नाव काय?
"ग्रॅनी."
आणि पाणी प्यायला उठले.

फैजपूरला निंबाबाईंच्या भावाकडे भाट आला होता.
ओसरीवर सतरंजी, लाल कापडात बांधलेल्या वह्या.
चौदा पिढ्या त्याने जवळजवळ एका दमात वाचल्या,
बापाला बाप जोडत, गाडीला डबे जोडावेत तसे.
चहा होईपर्यंत मी गप्प बसले. मग विचारलं,
ब्रिटिशांच्या काळात, रेल्वे आल्यावर,
इथल्या कुण्या घरातली पोर
भुसावळकडे गेल्याची काही नोंद?
त्याने पान दुमडलं.
"पोरी आम्ही लिहीत नाही, बाई.
ज्या घरी दिली, त्या घरच्या वहीत पाहा."

पाहून आले, असं मी म्हणाले नाही.
बशीत चहा ओतला. थंड व्हायला वेळ लागत होता.

डेक्लनची मेल आली : फाईल पूर्ण, अभिनंदन,
आता एकदा घरी या.
सोबत फोटो. दगडी कुंपण, ओलं गवत,
आणि एक गाय, सरळ माझ्याकडे बघणारी.
मी लिहिलं, आभारी आहे.
इकडे आज शेहेचाळीस आहे.
फाईलचं नंतर कळवते.

आता एस.टी.ने फिरते. यावल, रावेर, सावदा.
कुणाच्या दारात काथवट दिसली की
पाणी मागते आणि हात बघते बायकांचे.
डावखुऱ्या आतापर्यंत तीन सापडल्या.
एकीने पाण्यासोबत भाकरीही दिली,
का बघतेयस ते मात्र विचारलं नाही.

काल सावद्याच्या स्टँडवर
अमळनेरकडची एक म्हातारी, बोरांची टोपली घेऊन,
माझे घारे डोळे निरखत बसली.
"कथाईन उनी वं माय?"
मी म्हणाले, भुसावळ.
तिने एक किडकं बोर वेचून बाजूला टाकलं.
"ते दिखस. तेना पह्यले?"