सातवा

एकवीस टप्प्यांपैकी सपाट फक्त सात.
बाकीचे डोंगर आम्ही सोडून देतो,
डोंगरावर कोण जिंकणार ते वजनच सांगतं
आणि वजनं मी दिवसभर बघते
कुडचड्याच्या काट्यावर, खनिजाच्या ट्रकांची:
भरलेला, रिकामा, पावती, पुढचा.
स्प्रिंटरचं तसं नाही.
तीन आठवड्यांत त्याच्या वाट्याला सात वेळा
दोनशे मीटरांची गल्ली,
तीही कुणी आधी वारा कापून दिला तर.

आनाक्लेतचं सायकलींचं दुकान काट्याच्या समोर.
अकरा वर्षं आमची पैज: हरेल त्यानं
स्टेशनाजवळच्या गाड्यावर रोस ऑम्लेट द्यायचं,
पाव दोन, कांदा जास्त.
मी वही ठेवते. वाऱ्याची दिशा, शेवटचं वळण किती मीटरांवर,
संघात कोण उरलंय, कालच्या घाटात कोण किती मागे पडलं.
तो टीव्हीचा आवाज बंद करतो
आणि नुसते घोटे बघतो.
"ह्याचा घोटा आज खाली पडतोय," म्हणतो,
"चेन सैल झाल्यासारखा. हा नव्हे."
वहीत माझे एकतीस, त्याचे बेचाळीस.

यंदा मंगळवार, गुरुवार, शनिवार
तो काकोड्याला, संध्याकाळच्या पाळीत, यंत्राला जोडलेला.
रक्त बाहेर जातं, फिरतं, धुऊन परत येतं,
चार तास. टप्पाही साधारण तेवढाच.
घरी येतो तो थेट झोपायला.
सकाळी तीच शर्यत पुन्हा दाखवतात. शटर अर्धंच वर,
आत खुर्ची, टीव्ही, ग्रीसचा वास,
आणि मला पाहिल्याबरोबर त्याचा हात वर:
"सांगूं नाका!"

नाही सांगत.
पण काल रात्री मी पाहिलंय ना.
पाहिलंय क्रुइसेनला शेवटच्या वळणावर पडताना,
खांदा डांबरावर घासत गेलेला,
आणि बाकीचे रंग त्याला वळसा घालून निघून गेलेले.

आनाक्लेत खुर्चीत पुढे सरकतो.
दंडाला पट्टी, पट्टीखाली सुईची जागा.
"क्रुइसेन. आज दुसरं नावच नाही.
त्या उंच ब्रेकेच्या पाठीमागे लपेल,
भरतीला खेकडा बिळात बसतो तसा,
आणि मग डावीकडून. डावीकडूनच. लिहून ठेव."
इतकं नीट सांगतो की क्षणभर मला
ते तसंच घडलेलं दिसतं,
काल पाहिलेलं खोटं वाटायला लागतं.

"तुझा कोण?"

जिंकलेल्याचं नाव लिहिलं
तर ते ऑम्लेट घशाखाली उतरायचं नाही.
क्रुइसेन लिहिलं तर पैज कसली.
मी लिहिते ओर्लांदिनी,
पाच वर्षांत एकही टप्पा न जिंकलेला,
काल सातवा आलेला.

तो वही ओढून घेतो, कपाळावरचा चष्मा खाली.
"ओर्लांदिनी? समोरून वारा असताना?"
बघतो माझ्याकडे,
मी पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याकडे.
बाहेर काट्यावर कुणीतरी हॉर्न देतंय,
भरलेला ट्रक, पावती हवीय.
"क्रुइसेन पडला," तो हळूच म्हणतो.
प्रश्न नाही. पानावर लिहिलेलं वाचावं तसं.
मी काहीच बोलत नाही.
"गळपट्टीचं हाड?"
मी तेव्हाही काही बोलत नाही.

मग तो रिमोट घेतो, आवाज बंद करतो,
टप्पा अगदी सुरुवातीपासून लावतो.
एकशे ऐंशी किलोमीटर बाकी.
क्रुइसेन अजून घोळक्यात, पाणी पितोय,
शेजारच्याशी काहीतरी हसतोय.
"घोटे बघ त्याचे," आनाक्लेत म्हणतो.
"बघ कसे चाललेत."