टाकी

गोठिवलीच्या घरामागे, पाण्याच्या पिंपाआड
एकोणीस वर्षं उभी असलेली लुना
रविवारी मी उजेडात ओढली.
टायर बसलेले. सीटमध्ये मांजरीने
तीनदा संसार मांडून मोडलेला.
टाकीचं झाकण हलेना.
फडकं गुंडाळलं, खोबरेल सोडलं,
शेवटी एक शिवी दिली,
तेव्हा सुटलं.

वास आला तो पेट्रोलचा नव्हता.
जुन्या वॉर्निशचा, नासक्या पन्ह्याचा.
कॉक उघडला तर थेंब नाही,
जाळीत काकवीसारखं काही थिजून बसलेलं.
उलटी धरल्यावर मात्र
अर्धी वाटी निघालं, चोथ्याच्या रंगाचं.
मोबाईलचा दिवा आत सोडला:
भिंतीला पापुद्रे, पापुद्र्यांखाली पापुद्रे.

ओट्यावरून हसुराम चांगो मढवी, माझे वडील,
न बघताच म्हणाले,
"मीठ हाय त्यान."
पेट्रोलच्या टाकीत मीठ कुठून येईल, बाबा?
"वाऱ्यान येतं. गारी आगरावर उभी रायची.
मीठ काय झाकन उघराची वाट बगतं?"

रबाळ्याहून एकवीस नट आणले
आणि पाच बाटल्या व्हिनेगर.
दुकानदाराला वाटलं, मी चायनीजची गाडी लावतोय.
"मोजून टाक रं. न मोजून कार."
मोजून टाकले. कॉकच्या भोकाला बूच,
तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर तार,
आणि हलवायला लागलो.
अख्ख्या गल्लीत खुळखुळा.
चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूचं पोर वाकून ओरडलं,
"अंकल, किसका बर्थडे है?"

ही लुना भरपाईच्या पैशातून आली.
आईला पत्रे बदलायचे होते.
पत्रे गळतच राहिले आणि दारात लुना,
निळी, साडेतीन लिटरची,
जिचा हप्ता नाही म्हणून बाबांना कोण अभिमान.
जमीन गेली ती मोजून गेली, गुंठ्यात.
आगर गेलं ते कुणी नीट मोजलंही नाही.
मग रोज सांजेला ते लुनावरून
आपल्या बांधावर फिरून यायचे.
बांध उरला नव्हता तरी.
डावीकडे भिंत, पुढे कंपनीचा नाला,
आणि जिथे उजवीकडे वळायचं
तिथे रस्ताच नसायचा,
तर उतरून ढकलत न्यायचे.
वॉचमन बदलत गेले. एकाने गेटपास मागितला.
त्या दिवशी घरी येऊन त्यांनी कॉक बंद केला
आणि पुन्हा उघडला नाही.
आई म्हणाली, पेट्रोल महाग झालं असेल.

व्हिनेगर दोन रात्री आत राहिलं.
तिसऱ्या दिवशी ओतलं तर
लाल, गढूळ, गरम नसलेला चहा.
मग सोड्याचं पाणी, मग साधं, मग परत साधं.
बहिणीचा हेअर ड्रायर तिला न विचारता.
दिवा सोडला. आत राखाडी, स्वच्छ,
इतकी स्वच्छ की मला उगाच
पाहुण्यासारखं वाटलं.

नट मोजले. वीस.
परत मोजले. ओटा, मोरी, चपलांखाली.
वीस.
टाकी हलवली, आवाज नाही.
तिरकी धरली, एकदाच, टिक्.
तार घातली, चुंबक बांधला, दोरा सोडला.
कुठल्याशा कोपऱ्यात, सांध्याच्या आड
तो बसलाय, यायला तयार नाही.

बाबांनी टाकी मांडीवर घेतली.
कान लावला. हलवली, हळू,
जशी मिठाची पाटी भरण्याआधी
रवा किती कोरडा झाला ते बघायचे.
टिक्.
"रव्हदे," म्हणाले. "जाळी हाय ना खाली."
जाळी आहे. अडणार नाही काही.

अजून कार्बोरेटर आहे. केबल आहे. टायर.
एखादा महिना जाईल.
ताजं पेट्रोल पाव लिटर आत टाकलं,
गंज परत धरू नये म्हणून,
दोन थेंब ऑइल.
झाकण लावताना ते म्हणाले,
आवळू नको लय.