डोक्याचं माप

जून सरला की गणवेशाच्या कारखान्यात
हात रिकामे, मशिनी झाकणाखाली.
त्या वर्षी मात्र भर श्रावणात
इरेशप्पा मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर टोपी ठेवली:
लाल-पांढरी, तीन शिंगांची,
शिंगाशिंगाला घुंगरू.
"साडेसहाशे नग. दिवाळीच्या आत."

कुणाच्या बाळाला, आम्ही विचारलं.
बाळाला नव्हे, म्हणाले, बाप्यांना.
ऱ्हाईन म्हणून नदी आहे, तिच्या काठचं गाव,
तिथले बँकेतले, कोर्टातले, गुळगुळीत दाढीचे बाप्ये
थंडी सरायच्या सुमारास येड्याचं सोंग घेतात,
रथांवरून चाकलेटं उधळतात,
आणि गावाच्या किल्ल्या रीतसर येड्यांच्या हाती जातात.
"किती दिवस?"
"सहा."
"सहाच? आमच्यात बाराही महिने की ओ,"
पद्मा गड्डम बोलली
आणि दोरा दातानं तोडला.

मास्तरांनी मोबाइल डब्याला टेकवून उभा केला.
ढोल, घोडे,
हत्तीएवढी कागदी मुंडकी घेतलेले पुढारी.
हलीमाबी एकदम गप्प झाली.
तिचा भाऊ मोहरमला वाघ व्हायचा,
पिवळे-काळे पट्टे, कमरेला शेपूट,
वाघ झाला की बहिणीला ओळख देत नसे.
रात्री आई रॉकेलचा बोळा घेऊन
त्याला पाठीकडून माणसात आणायची.
महानंदा म्हणाली, आमचा सासरा
वर्षभर जिना धरून चालतो,
बाराबंदी चढली की नंदीध्वजाची काठी
पोटावर पेलतो, डोळे वर, कुणाचं ऐकत नाही.
मला गड्ड्यावरचे आरसे आठवले फक्त.
एकात मी सुतळीएवढी, एकात पिंप.

मास्तर एक गोष्ट सांगून चुकले.
तिथं म्हणे एक गुरुवार बायकांचा असतो.
कात्री घेऊन फिरतात,
दिसेल त्या साहेबाचा टाय कापतात.
रागवायचं नाही, असा नियम.
आम्ही बावीस जणी. वर्षभर
दुसरीतल्या पोरांचे इलॅस्टिकचे टाय शिवतो.
कुणी काही बोललं नाही.
सगळ्यांच्या मांडीवर कात्री होतीच.

टोप्यांचं माप तपासायला डोकी हवी होती.
तेल लागू नये म्हणून आधी वर्तमानपत्र बांधा, म्हणाले.
बांधलं. वर शिंगं चढवली.
पद्माला मोठी झाली, नाकापर्यंत,
ती तशीच उठून मशिनींच्या मधून
मालकासारखी हात मागे बांधून चालली.
तेवढ्यात लाइट गेली.

अंधारात पहिल्यांदा घुंगरं कळली.
इकडे एक, तिकडे तीन,
मग सगळा हॉल.
कोण हसतंय ते कळेना,
कोण रडतंय तेही.
कुणी लेझमीचा ठेका धरला, कुणी रिळं उधळली.
अक्कलकोट रोडवर एक ट्रक थांबून
हॉर्न देत राहिला.

लाइट आली.
मास्तरांच्या गळ्यातली टेप
तेहतीस इंचावर कापलेली.
त्यांनी बावीस टोप्यांकडे पाहिलं.
टोप्यांनी खाली पाहिलं.
नियम तिकडचा होता. इथं
सगळ्यांचा अर्धा रोज कापला गेला.

माल गेला. पुढल्या वर्षी ऑर्डर आली नाही,
चीनला गेली म्हणतात.
मास्तर ती तोकडी टेप अजून वापरतात.
पोरांच्या कमरेला पुरते.

उरलेला तुकडा माझ्या शिवणाच्या डब्यात,
बटणांखाली.
घरी कुणी नसलं की डोक्याभोवती घेते.
आकडे तेहतीसपासून सुरू,
त्यामुळे माझं डोकं भरतं
पंचावन्न इंच.
एवढ्या मापाची टोपी
त्या गावातही कुणी शिवत नसेल.