फार पिवळा

आबा मार्केट यार्डात तेहतीस वर्षं
गुळाच्या सौद्याला दिवाणजी होते.
रवा नखानं टोकरायचे, कण जिभेवर ठेवायचे
आणि काही बोलायचे नाहीत.
घरी आल्यावर, पाय धुता धुता:
"फार पिवळा दिसला की मी आधी मागं सरतो.
एवढं पिवळं ऊस करत नाही. पावडर करती."

मी उद्यमनगरात कास्टिंग तपासतो.
रात्री साडेअकरानंतर लिलावात
जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी बघतो.
बायको म्हणते, बघत नाहीस तू, हुंगतोस.

ही एक. जपानी. राखाडी डबी, लेबलवर कोल्हा.
थोड्याच निघाल्या म्हणे. किती, ते कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून तर किंमत.
लेबल इतकं कोरं
की तीस वर्षांत एकाही पोराचं बोट लागलं नाही.
भडंग न खाता खेळणारी पोरं
जपानात असतीलही,
पण मागचे स्क्रूसुद्धा कालचे?

विकणाऱ्याला शंभर टक्के चांगले शेरे.
उघडून वाचत गेलो.
सगळे एकाच आठवड्यातले, सगळे मोबाइलच्या कव्हरचे.
एकशे बारा कव्हरं विकून माणूस थेट इथं?
भजी तळता तळता
गुजरीत हिऱ्याचं दुकान टाकल्यासारखं.

विचारलं, दादा, डबी उघडून
आतल्या हिरव्या पाटीचा फोटो टाकता का,
शेजारी आजचा पेपर ठेवून?
उत्तर आलं:
सील तुटेल सर, किंमत पडेल.
सील.
स्क्रूच्या डबीला.

तरी बोली लावली मी.
सांगायला लाज वाटते.
डोकं पंचेचाळीसचं असतं,
अंगठा बारा वर्षांचा.

मी अकरा हजार. कुणीतरी अकरा हजार शंभर.
मी गप्प, तोही गप्प.
मी बारा. लगेच बारा हजार शंभर.
आबा पाणी प्यायला उठलेले,
चष्मा नव्हता डोळ्यावर.
"कसला सौदा?"
सांगितलं.
"तो तुझ्याआधी एकदा तरी बोलला का?"
नाही.
"मग ते गिऱ्हाईक न्हवं. मालकाचं माणूस हाय.
थांब तू. बघ, तो पण थांबतोय."

चाळीस सेकंद.
फ्रीज घुरघुरत होता.
आबांनी तांब्या खाली ठेवला नाही.

कॅसेट विकली गेली, असं लिहून आलं.
शुक्रवारी परत हजर, दुसऱ्या नावानं.
फोटो तोच. डबीच्या चकाकीत
तीच ट्यूबलाइट, आणि तिच्याखाली खुंटीला
शाळेचा निळा शर्ट, तोच.
त्या शर्टाकडे बराच वेळ बघत बसलो.
लहान माप होतं. एक बटण नव्हतं बहुतेक.
मग तक्रारीचं बटण दाबलं,
आणि झोप काही आली नाही.

राजारामपुरीत दस्तगीर मुजावरचं दुकान होतं,
पुढं टीव्ही दुरुस्ती,
मागच्या खोलीत रुपयाला दहा मिनिटं.
दुकान मोडलं तेव्हा चाळीस रुपयांना
त्यानं मला एक कॅसेट दिली.
वर छापलेलं, चौसष्ट खेळ.
पैसे घ्यायच्या आधी म्हणाला,
"सातच हाईत रे. बाकी तेच तेच, रंग बदलून.
आणि पाचवा मधीच अडकतोय, पुलावर."

ना कंपनीचं नाव, ना देशाचं.
आत कुणाची चोरलेली पाटी, देव जाणे.

अजून आहे ती,
कपाटात, जुन्या व्हर्नियरशेजारी.
परवा काढली, फुंकर मारली, लावली.
आबाही बसले बघत, काही न कळता.
पाचवा अडकला.
पुलावरच.